दुसऱ्या बॅगेची वाट

१४ मार्च, सकाळी सव्वादहा. इस्त्रीच्या टेबलावर लिहितो आहे. बाहेर सामना नुकताच सुरू झाला.

ताईस नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होते. आईचा गुडघा कसा आहे?

इथे दोन्ही देशांच्या संघांचे कपडे मीच धुतो. एका संघात प्रत्येकाचे सहा शर्ट. दुसऱ्या संघाची एकच बॅग आली, म्हणून उरलेल्या बॅगेची वाट बघत मी काल धुणे लावलेच नाही. रात्री त्यांच्या कप्तानाला विचारले.

तो हसला. "भाऊ, एवढंच आहे. टीव्हीचा पैसा मोठ्या संघांकडे जातो."

खेळ एकच, मग असे का? दाजींना विचारून कळव.

मग मध्यरात्री धुणे लावले, पण सकाळपर्यंत वाळले नाही. आज त्याने शर्ट ओलाच घातला. माझी नोकरी नवी, त्यात आमच्या मुकादमाने माझ्यासमोरच त्याला विचारले, "हा ओला कसा?"

"घाम फुटलाय," कप्तान म्हणाला. "समोर कोण आहे, बघितलंत ना?"

आईला यातले सांगू नकोस.

तुझाच,
धाकटा