मामांच्या शेगडीला वरची हवा

तीर्थरूप मामांस,

तुमचं घर (आणि तुमची शेगडी) सांभाळणाऱ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं ताईने फोनवर सांगितलं आणि जीव भांड्यात पडला. महिनाभर चिडायचं नाही, ओरडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. फार शहाणा माणूस दिसतो. पत्र मामी वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

इकडे सगळं ठीक. (घराचं पुढे येईलच.) कारखान्यात मात्र धुराची धांदल आहे. बॉयलरच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड फार, तो कमी करा, असा हुकूम सुटला. आता हा नायट्रोजन येतो कुठून? मला वाटायचं, कोळशात भेसळ असणार. तर नाही हो! थोडा कोळशातलाच, थोडा आपण श्वासात घेतो त्या हवेतला. एरवी अगदी गरीब गाय. पण आग फार तापली आणि भोवती ऑक्सिजन मुबलक असला की दोघांचं जमतं आणि नको ते होऊन बसतं. म्हणून साहेबांनी युक्ती काढली. खाली जाळापाशी हवा कमी द्यायची, ज्वाळा अर्धपोटी ठेवायची, म्हणजे जोडीदार न मिळालेला नायट्रोजन मुकाट होता तसा होतो. उरलेली हवा वरच्या झरोक्यांतून द्यायची, म्हणजे जळायचं राहिलेलं तिथे निवांत जळतं. झरोके बसले, आकडे उतरले, सगळे खूश, मी सोडून. कारण बॉयलरच्या काचेतून नुसता पिवळा उजेड दिसतो. अर्धपोटी ज्वाळा दिसते तरी कशी, या विचाराने मला घास गोड लागेना. आणि तुमच्या शेगडीला तर अभ्रकाची खिडकी! तुम्ही ओतकाम खात्यात असताना स्वतःच्या हाताने साचा करून ओतलेली शेगडी ती. तशी खिडकी आख्ख्या कारखान्यात नाही.

मग रविवारी धूर मोजणाऱ्या बाईंना (आम्ही त्यांना नाकबाई म्हणतो) यंत्रासकट घरी बोलावलं. वरून हवा जायची किरकोळ सोय केली, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि शेगडीचं खालचं दार ओढून घेतलं. मामा, काय सांगू! खाली ज्वाळा लालसर, आळसावलेली, काजळीने जड; आणि वर हवा भेटते तिथे निळ्या जिभा लवलवतात. मी जमिनीवर पालथा पडून बघतच राहिलो. नाकबाई म्हणाल्या, "उतरला हो आकडा!" आणि तेवढ्यात यंत्र बोंबलायला लागलं. नायट्रोजनचा आकडा उतरला होता, पण अर्धवट जळलेला विषारी वायू मोजपट्टीच्या बाहेर गेला होता. आम्ही अंगणात धूम ठोकली. (शेजारचे मास्तर बादली घेऊन धावले आणि ती नाकबाईंवर ओतली. त्या पेटलेल्या नव्हत्या.) भिंतीचा रंग आता करडा आहे. मामींना पांढऱ्याचा कंटाळा आलाच होता.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला. मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. मामी, इथे थांबा आणि त्यांना आधी चहा द्या. सगळं एकदम न देता थोडं थोडं दिलं की ताप कमी होतो, हे आता सिद्ध झालंय.

ता. क. दुसरा. किरकोळ सोय म्हणजे शेगडीला तीन भोकं. पहिलं भोक पडलं तेव्हा मी थांबून त्याची कड बोटाने चाचपली, मामा, खोटं नाही सांगत. तुमचं ओतीव इतकं एकजीव की कुठे बुडबुडा म्हणून नाही. इतकी वर्षं तिच्यासमोर हात शेकले, पण तुम्ही काय केलंय ते त्या दिवशी कळलं.

ता. क. तिसरा. भोकं एकाच बाजूला, त्यामुळे पलीकडचा धूर उपाशीच वर गेला, म्हणून तर यंत्र बोंबललं. त्या बाजूला आणखी चार पाडली की काम फत्ते. खडूने आखून ठेवलीत, ड्रिल हाताशी आहे, फक्त तुमच्या परवानगीसाठी अडलंय. (शेगडी तुमची, विचारल्याशिवाय कसा हात लावणार?) हे ऐकून तुम्ही ओरडलात तर मी नकार समजेन, गप्प राहिलात तर होकार. डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली आहे, हे वर लिहिलंच आहे.