नर्स या शब्दाचा पहिला अर्थ

आई, हे गेल्यापासून दुपार सरत नाही, म्हणून मी नातीचा जाडा इंग्रजी शब्दकोश घेऊन बसते. माझं इंग्रजी बोट ठेवून वाचण्याइतकंच. काल त्यात नर्स हा शब्द काढला. तो लॅटिनमधून फ्रेंचांच्या तोंडी आला आणि तिथून इंग्रजीत. मुळात त्याचा अर्थ दूध पाजून वाढवणं. पहिल्यांदा नर्स म्हणत ते दुसऱ्याच्या लेकराला अंगावर पाजणाऱ्या बाईला. आजाऱ्यांची सेवा, पांढरे कपडे, परीक्षा, हे सगळं पुष्कळ नंतरचं.

मी पुस्तक मिटलं. बहात्तरचा दुष्काळ, मिरजगावचा दवाखाना, आणि तू तिथली आया. फरशी पुसायचीस, रोग्यांची भांडी धुवायचीस. दुपारी मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन तुझ्याकडे पाजायला आणते. एक दिवस बघते तर तुझ्या मांडीवर दुसरंच पोर. त्याची आई बाळंतपणात गेलेली, आणि पावडरचं दूध त्याच्या पोटात ठरत नव्हतं. मी रुसून दारातच उभी. तू वर न बघता म्हणालीस, "आन त्याला. दोगं बी पितील." पोराची आजी शेळी घेऊन येईपर्यंत तू त्याला रोज पाजलंस.

पुढच्या वर्षी मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी तुला विचारलं, तुम्ही काय करता? तू पदर सावरून सांगितलंस, दवाखान्यात नर्स आहे. मी चहा घेऊन उभी होते. सगळ्यांसमोर बोलले, "नर्स न्हाई. आया हाय ती." कुणीतरी उगाच खोकललं. तू कपबशा गोळा केल्यास. पाहुणे गेल्यावर म्हणालीस, "खोटं न्हाई बोललीस तू. मला कुनी नर्स म्हनत न्हाई, म्हून मीच एकदा म्हनून बघितलं."

सोयरीक जमली, संसारही चांगला झाला. तो विषय तू पुन्हा काढला नाहीस. यांना मी हसत सांगायची, मला लग्नच नको होतं, मोडावं म्हणून बोलले. तुलाही तेच सांगायचं होतं, पण त्याआधीच तू गेलीस.

तुला वाचता येत नव्हतं आणि हा कागद कुठं जाणारही नाही, म्हणून खरं लिहिते. मुलगा मला पसंत पडला होता. तुझं बोलणं पुढे उघडं पडून तो हातचा जाईल, या भीतीनं मी तुला तिथंच खोटं पाडलं.