सातवा कागद

मुलुंड, मंगळवार

प्रिय काशीरामा,

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतोस, की बाटली नुसती खिडकीत ऊन खातेय? शुभाच्या साखरेचं काय? तिला सांग, चहा बिनसाखरेचा आणि सोबत चार बिस्किटं, असल्या पथ्याला अर्थ नाही. तुझ्या लेकाला, राजेशला, नव्या ऑफिसातला एसी सोसतोय ना? लहानपणापासून सर्दीचा आहे तो. तुझ्या लेकीची, श्रुतिकाची, खुशाली मात्र विचारत नाही. पवईचं कॉलेज सुटलं की पोरगी माझ्याकडेच येते आणि काळ्या वाटाण्याची आमटी भुरकते. मी ठणठणीत. राग माणसाला ठणठणीत ठेवतो रे.

आपल्या चाळीचं फोनवरचं पान बंद झालं, हे तुला कळलंच असेल. बिल्डरच्या नव्या इमारतीच्या यादीतून अकरा घरं कशी गळली, ते मी तिथे एकेक करून लिहीत होते. हजारभर माणसं वाचायला लागली, आणि एके दिवशी पान उघडेचना. सरकारी हुकूम आला म्हणे, कंपनीने मुकाट पान काढलं. बाई, खरं काय ते सांग, असं मला कुणी विचारलं नाही. खोट्याला लगाम हवाच, मी कुठे नाही म्हणते? मुलं पळवणाऱ्यांची अफवा उठली आणि लोकांनी नाक्यावर त्या बिचाऱ्या भांडीवाल्याला बदडलं, तेव्हा असलं लिहिणाऱ्याला धरा म्हणून मीच ओरडले होते. पण धरायचं तर चारचौघांत, त्याचंही ऐकून घेऊन. एकाने कानात सांगायचं, दुसऱ्याने शिक्का मारायचा, तिसऱ्याने तोंड दाबायचं, हा कुठला न्याय? महिनाभर खेटे घातले, तेव्हा कुठे बिल्डरने माझ्यावर केलेल्या तक्रारीची प्रत हाती लागली.

तुला आठवतं? आई गिरणीवाल्यांच्या खाणावळीसाठी भाकऱ्या थापायची आणि तुला सांभाळायला म्हणून मला दुसरीतून काढलं. पुढे तू शाळेत जायला लागलास, तेव्हा तुझ्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली. तू एवढासा, पण मास्तरासारखा माझा कान धरायचास. तेव्हापासूनची खोड, काही लिहिलं की आधी तुझ्या लाल पेनाखालून काढायचं. वाण्याला चिठ्ठी लिहिली तरी तुला दाखवायची. पानावरचा प्रत्येक मजकूरही आधी कागदावर लिहून बोरिवलीला तुझ्याकडे धाडला, तू तपासलास, मगच फोनवर चढवला.

पान गेल्यावर मी हातपाय गाळून बसले होते. श्रुतिका म्हणाली, आत्या, एकाच सावकाराच्या ओटीवर बसलीस, म्हणून एका कागदाने उठवलं. मग तिने नवीनच घडी बसवली. एकच मोठी कंपनी नाही, ठिकठिकाणी लोकांची स्वतःची छोटी छोटी यंत्रं. एक तिचा जुना लॅपटॉप, माझ्या फ्रिजवर घुमत असतो. एक घाटकोपरला तिच्या मैत्रिणीकडे, एक मालाडला, अशी एकोणीस. प्रत्येकाचे नियम त्याच्या घरचे, पण एकाकडे लिहिलेलं सगळीकडे वाचता येतं. कुणी लबाडी पसरवायला लागला, तर बाकीचे त्याच्याशी जाणं-येणं तोडतात. मी म्हटलं, अगं, ही तर आपल्या गावचीच रीत! चूल विझली की शेजारणीकडून निखारा आणायचा. एका घरात पाणी ओतलंस, तरी वाडीत विस्तव असतोच. हुकूम इथेही येईल, येऊ दे. एकोणीस दारांत जावं लागेल, आणि एखाद्या तरी दारात कुणी विचारेल, कशासाठी?

आता त्या तक्रारीचं. त्यात माझे मजकूर तारीखवार मांडलेत. सात. काशीरामा, मी सहाच चढवले होते, सातव्याआधीच पान गेलं. शेजारचा धोंडू देवाघरी गेल्यावर पाच महिन्यांनी बिल्डरच्या कागदावर त्याची संमतीची सही कशी काय झाली, ते लिहिलेला सातवा कागद तुझ्याशिवाय कुणी पाहिलाच नव्हता. तू त्यातल्या चुका लाल पेनाने काढल्यास, खाली ‘झकास! छाप, ताई’ लिहून सही ठोकलीस आणि मला परत पाठवलास. मधल्या मधे एक प्रत बिल्डरच्या टेबलावर पोचली. पुढच्याच सोमवारी त्याच ऑफिसात राजेशला खुर्ची मिळाली.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी दहाला सातवा कागद चढतोय. नव्याने उतरवलेला नाही, तस्साच, तुझ्या लाल रेघांसकट, शाबासकीसकट, सहीसकट. बिल्डर वाचेल, अकरा घरं वाचतील, तुझी अख्खी बोरिवली वाचेल. चढवणार श्रुतिका. तक्रारीतला सातचा आकडा तिनेच आधी मोजला. जेवली नाही त्या दिवशी. मग डोळे पुसून म्हणाली, आत्या, कागद उजेडात धर, बाबांची सही नीट यायला हवी. काढायला लावायचा असेल तर खुशाल दारं ठोठाव, पहिलं दार तुझ्या लेकीचं आहे. आणि तुझी काही बाजू असेल तर रविवारच्या आत लिहून पाठव. लवकर लिही. त्याच कागदाशेजारी लावीन, एक अक्षर न बदलता. मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारतेय.

तुझीच,
माणिकताई