कमी वीज खाणारं आमचं घर

ती. दाजींना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईची कंबर? (कंबरेचं मी विचारलं हे ताईला सांगू नका. मागच्या वेळी विचारलं, तर मी तिला म्हातारी म्हटलं असा तिने अर्थ लावून घेतला.) इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, फक्त माझी झोप उडाली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या खात्याचं वीजबचतीचं धोरण मी लिहिलं. त्यात लिहिण्याच्या भरात एक कलम घालून बसलो, की प्रत्येक अधिकाऱ्याने आधी स्वतःच्या घरी बचत करून दाखवावी. बाकी कुणी ते वाचलंच नाही. साहेबांनी नेमकं वाचलं. आता सोमवारी तपासणी पथक माझ्या घरचं मीटर बघायला येतंय, आणि मीटर गेल्या वर्षाच्या दुप्पट वीज दाखवतंय. बढतीचं राहू द्या, आहे ती खुर्ची टिकली तरी पुरे.

मी काय कमी केलं हो? जुने दिवे काढून नवे लावले. पूर्वी माझ्या मागे मागे फिरून दिवे मालवणारी ही आता रिकाम्या संडासातही उजेड ठेवते. वर "याला कुठे वीज लागते?" हे माझंच वाक्य मला ऐकवते. नवा फ्रिज आणला, तर जुना गॅलरीत गेला आणि तिथे जोमाने सुरू झाला (नुसत्या पाण्याच्या बाटल्यांसाठी, चांगला चालतोय तर टाकायचा कशाला, म्हणे). एसी इतका काटकसरी, की चिरंजीव तो दिवसभर लावून अंगावर दुलई ओढून अभ्यास करतात. ओरडलो, तर म्हणाले, "बाबा, तुम्ही वाचवलेलीच वापरतोय, नवी कुठे?" दाजी, धोरण लिहिताना हा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि पथकाला तो सुचू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलोय.

असो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा घाबरलेला,
मेहुणा

ता. क. : सहज आठवलं म्हणून. पथकाचा फोन आलाच, तर वर्षभर तुम्ही सगळे आमच्याकडेच राहत होता, एवढं सांगाल ना? माणसं दुप्पट, वीज दुप्पट. कुणाला शंका यायची नाही.

आणखी एक ता. क. : हिने पत्र वाचलं. म्हणाली, मोठ्या माणसांना खोटं कशाला बोलायला लावता, खरंच बोलवा त्यांना.

शेवटचा ता. क. : रविवारच्या आत या. मागच्या खोलीत तुमच्यासाठी नवा एसी बसवून झालाय. घरातला सगळ्यांत कमी वीज खाणारा आहे म्हणे.