डस्टर ज्याच्या हातात

३ फेब्रुवारी, सोमवार

मावशीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी शाळेत. दुसरं काही कारण नाही. जिन्यावरून घसरली, मनगट मोडलं, आणि खानदानात रिकामा बसलेला भाचा एकच! आईने परस्पर ठरवून टाकलं. "नाहीतरी भिंतीकडे बघत बसतोस. तिकडे जाऊन निदान चार ओळी लिही." बाबांनी पेपरची घडी घातली — जरा जोरात. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी पेपरच्या घडीतूनच बोलतात.

मावशी शाळेत समुपदेशक आहे. सोमवारी आणि गुरुवारी सातवीच्या मुलांना जमिनीवर गोल बसवते आणि बोलतं करते. विषय — शाळेचा ताण, आणि एकमेकांबरोबर काम कसं करायचं. मी गोलाच्या बाहेर, खिडकीजवळच्या बाकावर. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं उतरवायचं. बोलायचं नाही.

गोलाचा नियम एकच. एक जुना लाकडी डस्टर फिरतो. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. डस्टर नसताना जो तोंड उघडेल, त्याने पुढच्या वेळी सगळ्यांत आधी डस्टर घ्यायचा आणि आपल्याला कसला ताण आहे ते सांगायचं. तास संपेपर्यंत सगळ्यांच्या नाकाला खडू.

आजचे ताण: गणिताची चाचणी. बसमधली मागची सीट. आई "त्यात काय, जमेल" म्हणते, त्याचा. एक सारखा शिंकणारा मुलगा म्हणाला, मला ताण नाहीच, पण सगळे विचारतात ना, त्याचा येतो.

कॉलेजातल्या तिचा फोन नाही. आज एकोणचाळिसावा दिवस. मोजत नाही. लक्षात राहतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गोलात नुसतं बोलणं नाही, कामही आहे. चौघाचौघांचे गट. रद्दीच्या कागदाच्या नळ्या वळायच्या, त्यांचा पूल करायचा. दोन बाकांमध्ये पूल ठेवून त्यावर विटा रचायच्या. ज्याचा पूल जास्त विटा पेलेल तो पहिला. स्पर्धा एकवीसला.

माझ्या बाकाजवळ जो गट बसतो, त्यातल्या पोरांना मी मनात नावं दिली आहेत. मुकादम — दोन घट्ट वेण्या, एका जागी बसत नाही, डिंकाची बाटली दुसऱ्याच्या हाती देत नाही. शिंक्या — तोच. वकील — नाकावरून घसरणारा चष्मा, प्रत्येकाला "म्हणजे तुझा मुद्दा काय?" चौथी मुलगी बोलतच नाही. नळ्या वळते. सुरेख वळते पण.

मुकादमच्या हातात डस्टर आला. "मी सांगते तसं केलं की होतं. मग चर्चा कशाला?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कशाला?

८ फेब्रुवारी, शनिवार

शाळा नाही. घरी.

आईने विचारलं, "झालं काय होतं कॉलेजात, सांगशील का एकदा?" मी म्हटलं, झालं ते झालं. ती भाजी निवडत राहिली. तिने पुढे विचारलं असतं तर सांगितलं असतं कदाचित. आता इथेच लिहून मोकळा होतो.

आम्ही चौघे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प — कोठारातल्या धान्यात किती ओल आहे ते सांगणारं यंत्र. बाकी तिघांनी यंत्र जोडायचं, त्याचा प्रोग्रॅम मी लिहायचा. अडीच महिने लिहिला. सरांना दाखवायच्या दिवशी सकाळी काकाने — वय बावीस, बोलणं पेन्शनरचं, म्हणून काका — माझ्या प्रोग्रॅममधल्या तीन ओळी बदलल्या. न विचारता! मी भडकलो. तो म्हणाला, "अरे, आकडे उलटे येत होते, तू झोपला होतास." मी तिच्याकडे बघितलं. तीही आमच्याच गटात. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल.

ती म्हणाली, "बरोबर केलं त्याने."

एवढंच. आवाजही चढवला नाही. आणि मी — खुर्ची लाथाडली, तिघांना नको ते बोललो, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमधला माझा प्रोग्रॅम पुसून टाकला. दोन सेकंद लागले. लॅपटॉप काखेत मारून जो निघालो तो परत गेलोच नाही. आता त्या प्रोग्रॅमची प्रत जगात एकच. माझ्याकडे.

प्रकल्प चोवीस फेब्रुवारीला द्यायचा आहे. माझ्याशिवाय कसा देतात बघू.

ती मला आवडते हे मी तिला कधी सांगितलं नाही. आता कसलं सांगतोय.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाढवपणा केला.

शिंक्याने न विचारता पुलाखाली एक तिरकी नळी चिकटवली. मुकादमने बघितलं, लाल झाली, आणि पूलच उचलून घरी घेऊन गेली. गेल्या गुरुवारी तास संपल्यावरचं आहे हे. आज गोलात पूल नाही. मुकादम हाताची घडी घालून बसलेली.

शिंक्या: "पूल मध्ये वाकत होता म्हणून लावली."

वकील: "पूल चौघांचा. एकाने घरी नेता येत नाही. म्हणजे मुद्दा असा, की ती चोरी आहे."

आणि मी बाकावरून ओरडलो! "चोरी कसली? सगळं डोकं तिचं आहे! तिला न विचारता हात लावलाच का कोणी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मुकादमसुद्धा माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. मग शिंक्या हळूच म्हणाला, "दादा, तुमच्या हातात डस्टर नव्हता." लगेच आपल्याच तोंडावर हात ठेवला, कारण त्याच्याही हातात नव्हता.

हसून हसून लोळले सगळे. मावशी म्हणाली, "नियम म्हणजे नियम. गुरुवारी आधी दादा, मग तू."

घरी येताना तिला म्हटलं, मी नोंद ठेवायला येतो, पोरांसमोर तमाशा करायला नाही. ती म्हणाली, "तमाशा तर आज झाला. गुरुवारी फक्त बोलायचंय." प्लास्टरमध्ये पट्टी घालून हात खाजवत होती. ह्या बाईशी भांडताही येत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उद्या जायचं नाही असं ठरवलं. मग शिंक्या आठवला. तो जाणार. त्याला ठाऊक आहे की जायचंय, आणि तो जाणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डस्टर हलका असतो. वाटतो तेवढा जड नाही.

सांगितलं. बारा वर्षांच्या पोरांना काय कळणार म्हणून थोडक्यात सांगितलं — यंत्र, तीन ओळी, खुर्ची, पुसलेला प्रोग्रॅम. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. वकिलाने हात वर केला, डस्टर मागून घेतला आणि मग जी उलटतपासणी सुरू झाली! डस्टर आम्हा दोघांतच इकडून तिकडे.

"मग आता ते तिघे काय करतायत?"

"अडकले असतील. वाट बघत असतील."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पण प्रोग्रॅम माझ्याकडे आहे."

"शेवटचा फोन कोणी केला?"

"तिने. त्याच दिवशी. सात वेळा."

"उचलला का नाही?"

"रागात होतो."

"मग आता का करत नाही? अजून रागात आहात?"

 मी डस्टरवरचा खडू झटकत बसलो. तेवढ्यात मागून कोणीतरी — डस्टर नसताना! — "दादा, ती म्हणजे कोण?" आणि सगळा वर्ग "ओ-ओ-ओ" करून सुटला. मावशीसुद्धा खिडकीबाहेर बघत हसत होती. माझे कान गरम.

मुकादम हसली नाही. तास संपल्यावर बाकाजवळ आली. "दादा, तुम्ही परत नेऊन का देत नाही?"

"तू का देत नाहीस?"

"दिला तर त्यांना वाटेल मी हरले."

"तेच."

 मग तिची बस आली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फोन हातात घेतला. ठेवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुकादमने पूल आणला. दप्तरातून नाही — दोन्ही हातांवर, आजारी मांजर आणावं तसा. पलंगाखाली लपवून ठेवला होता. खाली ओल होती. कागद भिजला, नळ्या चेपल्या, मधला भाग पोळीसारखा सपाट. गोलात आणून ठेवला आणि डस्टर न घेताच म्हणाली, "मी नीट ठेवला होता." मग रडायला लागली. स्पर्धेला चार दिवस.

मला वाटलं, आता वकील तिला फाडून खाणार. त्याने चष्मा वर केला, शिंक्याकडे बघितलं. शिंक्या उठला, कपाटामागे गेला आणि एक पिशवी ओढत आणली. आत नळ्या. नव्या, कडक, रबर लावून जुड्या बांधलेल्या. शंभराच्या वर असतील. न बोलणाऱ्या मुलीने ह्या दोघांना वळायला शिकवल्या, मधल्या सुट्टीत, आठवडाभर.

मुकादमने विचारलं, "मग पूल का नाही बांधलात?"

आता डस्टर कोणाकडे ह्याचं कोणालाच भान नव्हतं. ती चौथी मुलगी बोलली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा ऐकला तिचा आवाज.

"पूल तुला येतो ना."

मी हे लिहून घेतलं. अक्षर बिघडलं. मावशीला म्हटलं, बाकावर ऊन येत होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

म्हणजे तेही वाट बघत असणार. यंत्र तयार करून, माझ्या भागाची जागा मोकळी ठेवून. प्रोग्रॅम मला येतो ना.

हे आधी का सुचलं नाही?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्पर्धा. मुकादमच्या गटाचा पूल — ह्या वेळी तिरक्या नळ्या चार, शिंक्याने विचारून लावलेल्या. (मुकादमने एक काढायला लावली. त्याने काढली. पूल वाकला. तिने गुपचूप परत लावली.) सहा विटा पेलल्या. सातवी ठेवताना शिंक्याला शिंक आली!

नऊ गटांत सातवा नंबर. वकिलाने लेखी हरकत नोंदवली: शिंक ही नैसर्गिक आपत्ती आहे. चौघे मोडलेल्या पुलावर नाचत होते. मुकादम मला म्हणाली, "दादा, तुम्ही दिलं का नेऊन?"

"उद्या."

"नक्की?"

"नक्की."

तिने डस्टर माझ्या हातात कोंबला. "आता म्हणा."

म्हटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

मावशीचं प्लास्टर निघालं. माझी नोकरी संपली. ती म्हणाली, "अक्षर वाईट आहे तुझं, पण गाळलं काही नाहीस."

प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेतला. पुन्हा वाचून काढला. काकाच्या त्या तीन ओळी बरोबर होत्या. आकडे उलटेच येत होते. त्या आठवून मी स्वतःच्या हाताने घातल्या.

इस्त्रीचा शर्ट घातलेला बघून आई म्हणाली, "कुठे?" मी म्हटलं, कॉलेजात. बाबांचा पेपर अर्ध्या घडीत थांबला.

तिला काय बोलायचं ते पाठ केलंय. आधी माफी. मग प्रोग्रॅम. मग जमलं तर बाकीचं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

लॅबमध्ये ती एकटीच होती. यंत्र चालू. आकडे येत होते — बरोबर. मी पेन ड्राइव्ह पुढे केला. ती म्हणाली, "अरे, तो भाग मी जानेवारीतच परत लिहिला." रागाने नाही. वेळ सांगावी तसं.

टेबलावर अहवाल बांधून आलेला. पहिल्या पानावर चार नावं. तिसरं माझं.

"हे काढलं नाही?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काढायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही." स्क्रू आवळत होती. "सोमवारी अकराला तोंडी परीक्षा. तुझा भाग तुलाच विचारणार सर. वाचून ये."

बासष्ट पानं. माझा भाग. त्यात माझी एक ओळ नाही.

वाचतोय.