सड्यावर कोणी राहत नाही

रत्नागिरी,
१२ मे २०२५

चि. विनीत यास सावित्रीताईचे आशीर्वाद.

इकडे मी आणि गायी खुशाल. फणस पिकायला लागलेत, खायला माणूस नाही. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहिते.

तुझ्या कंपनीची माणसं आपला सडा, घराभोवतीचं हे कातळाचं पठार, बघून गेली. विमानतळाचा धूर कमी करायचा, म्हणून तीन मोटारी भरून आली. मंडळी कातळावर उभी राहून कार्बनची चिंता करत होती आणि खाली रिकाम्या मोटारी तासभर घुरघुरत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांना परत बसताना गाडी गार लागते.

विमानतळाच्या नव्या इमारतीला पश्चिमेकडून सगळी काच म्हणे. दुपारी आत माणूस शिजणार, म्हणून एसी. एसीला वीज हवी, म्हणून सोलर, आणि सोलरला आपला सडा. मी म्हटलं, जांभ्या दगडाच्या भिंती घाला, उघडणाऱ्या खिडक्या ठेवा, समुद्राचा वारा काही बिल पाठवत नाही. त्यांच्यातली चष्मेवाली गोड हसली. बरं, मग पॅनेल तुमच्याच छपरावर बसवा, म्हटलं. तर छप्पर होडीच्या शिडासारखं आहे, त्यावर ती बसत नाहीत. म्हणजे कोकणची ओळख दाखवायला छप्पर, आणि पॅनेल ठोकायला आमचं कोकण.

मे महिन्यात सडा बघून 'पडीक' लिहून गेले. कोणत्या हुशार माणसाने त्यांना मे महिन्यात धाडलं, ते विचारत नाही. श्रावणात तिथे गुडघाभर गवत असतं. त्या गवतावर माझ्या गायी वर्षभर जगतात आणि गायींवर मी. एवढंच मी त्यांना सांगितलं. चष्मेवाली कोकम सरबत पिता पिता थांबली.

"पण विनीतसर म्हणाले, तिथे घरचं कोणी राहत नाही."

मी रिकामे ग्लास उचलून आत गेले. पोरीचा काय दोष?

आमचे हे वारल्यावर बाबा मला माहेरी घेऊन आले, तेव्हा माझी ट्रंक तू डोक्यावर घेतली होतीस. सडा चढताना दोनदा खाली ठेवलीस, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस. ती ट्रंक कुणाची होती रे?

सडा कंपनीला द्यायचं संमतीपत्र मिळालं. मी कुठे सही करायची तिथे तू पेन्सिलीने फुली मारली आहेस. इथे कोणी राहत नाही, तर सही कुणाची मागतोस? ती होणार नाही. तुझ्या साहेबांना तसं कळव, आणि का, तेही तुझ्याच तोंडाने सांग.

गणपतीला ये. विमानाने ये नाहीतर एसटीने, पण शेवटी सडा चालत चढ.

घरीच असलेली,
तुझी ताई