भय्यासाहेबांचा आगेवाला

२ सप्टेंबर १९५६, रविवार

आजपासून रोज लिहायचं. भय्यासाहेबांनी कचेरीतली न वापरलेली डायरी दिली. म्हणाले, दत्तू, पाचवीपर्यंत शिकलास, तेवढं तरी टिकव. साहेबांचं माझ्यावर असं बारीक लक्ष असतं.

तंबाखू बंद. इंग्रजी शब्द रोज पाठ करायचे. आणि दिवाळीपर्यंत अक्काला वाईहून इकडे उज्जैनला आणायचं. आई गेली तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. भाऊजी गेल्यावर लोकांच्या घरी पोळ्या लाटायला लागली ती अजून लाटतेच आहे. धुरानं तिचे डोळे कायम लाल. एकदा तिला स्वतःच्या चुलीपुढे बसवली की मी सुटलो.

३ सप्टेंबर

अक्का पत्रात विचारते, तू नक्की काम काय करतोस. लिहिलं की गोल्फच्या खात्यात आहे. जास्त लिहून तिला कळणार नाही.

मी आगेवाला. साहेब चेंडू मारतात तेव्हा मी लांब पुढे उभा असतो आणि तो कुठे पडला ते बघून ठेवतो. पिशवी उचलतो तो कॅडी, ती हमाली. आगेवाल्याला डोकं लागतं. कोर्स ग्वाल्हेर दरबारच्या वेळचा आहे. होलभोवती विलायतेत म्हणे हिरवळ असते, इथे तेल घातलेली वाळू. तिला ब्राऊन म्हणतात. मध्ये भैरवाचं ठाणं आहे. त्याच्या ओट्यावर पडलेला चेंडू भैरवाचा, तो कलेक्टरनंसुद्धा उचलायचा नाही. पुजारी त्याला शेंदूर लावतो. फार जुना आणि कायदेशीर कोर्स आहे.

९ सप्टेंबर, रविवार

आज साहेबांचा टोला सरळ बोरीच्या झुडपात. साहेब चालत येईपर्यंत चेंडू बाहेर, सपाट जागेवर. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला देवानं वेगळी अक्कल दिली आहे. साहेब म्हणाले, वा, नशीब बघ. मी म्हणालो, आपला टोलाच तसा असतो. साहेब हसले. आमचं दोघांचं हे असं न बोलता चालतं. तीन वर्षं झाली.

तंबाखू खाल्ली. झुडपात काटा लागला होता.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ

साहेब लोक गेले की कोर्स माझा. भय्यासाहेबांनी टाकून दिलेली लोखंडी काठी माझ्याकडे आहे. ती घेऊन मैदानात उतरलो. अंगात सदरा, पायात काही नाही, उन्हं तिरपी. बाकीचे टोले सोडून देतो, पण एक असा लागला की हाताला कळलंच नाही. नुसता टक् आवाज. चेंडू निंबाच्या वर गेला, तिथे थांबल्यासारखा झाला आणि मग सावकाश उतरला. तेवढ्या वेळात मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. वाई नाही, अक्का नाही, पाचवी नाही. असं सुख साहेब लोक रोज घेतात आणि वर तक्रार करतात.

पुढचा टोला बोरीत. त्याच्या पुढचाही. मला आगेवाला नाही, म्हणून. नाहीतर माझा खेळ भय्यासाहेबांच्याच तोडीचा आहे.

१६ सप्टेंबर, रविवार

सगळीकडे एकच बात. मध्यभारत मोडणार, नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळ. भय्यासाहेबांची बदली तिकडेच. बापू माळी म्हणाला, भिया, सगळे साहेब भोपाळला, आपण इथे बकऱ्या चारू. बापूचा जन्म इथला, पणजोबा दरबारच्या फौजेबरोबर आले, पण दृष्टी बकरीच्या पुढे जात नाही.

मी ब्राऊनवर वाळू सारखी करत असताना साहेब आपणहून म्हणाले, भोपाळला तुझ्यासारखा माणूस शोधावा लागेल. झालं. माझी नेमणूक झाली. शोधायला जायची गरज काय, मी समोरच उभा होतो.

१८ सप्टेंबर

अक्काला लिहिलं. नोकरी पक्की, भोपाळला बदली, क्वार्टर मिळणार. क्वार्टरचं साहेब अजून बोललेले नाहीत, पण बंगल्यामागे खोल्या असतातच. दोन खोल्या लिहिल्या. एकच लिहिली तर ती मला अडचण नको म्हणून यायची नाही.

बापूला सांगितलं. तो म्हणाला, साहेबांना एकदा पूछ तर घे. मी म्हणालो, अशा गोष्टी विचारल्यानं स्वस्त होतात. तो म्हणाला, आणि न विचारल्यानं? बापूला वाद घालायची खोड आहे.

इंग्रजी शब्द राहिले. भोपाळला आपोआप कानावर पडतीलच.

१४ ऑक्टोबर, दसरा

क्लबात शस्त्रपूजा. दरबारच्या वेळेपासूनची रीत आहे, तलवारींच्या शेजारी गोल्फच्या काठ्या मांडतात. तलवारी आता दोनच उरल्या आहेत, काठ्या पुष्कळ. मी साहेबांच्या काठ्या तेलानं पुसल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. माझी गंजकी काठीही हळूच शेवटी ठेवली. गुरुजींनी तिलाही अक्षता टाकल्या.

महिनाअखेरीला शेवटचा कप. त्यानंतर साहेब लोक पांगणार.

अक्काचं उत्तर आलं, शेजारच्या मुलीच्या हातचं. घरमालकाला खोली हवी आहे. म्हणे, सोडू का? नीट विचार करून सांग रे, एकदा सोडली की वाईत मला दुसरी कोण देणार.

लगेच लिहिलं, सोड. भाऊबीजेला उज्जैनला ये, मग आपण दोघं भोपाळला जाऊ. अक्षर आज चांगलं आलं.

२१ ऑक्टोबर, रविवार

साहेबांनी आज पुन्हा भोपाळचं काढलं नाही. कामात आहेत. मीही काढलं नाही. कप जिंकून द्यायचा आणि मग त्यांनाच बोलू द्यायचं, असा बेत आहे.

२८ ऑक्टोबर, रविवार

सोन्याचा दिवस. भय्यासाहेबांनी कप जिंकला. आम्ही जिंकला.

समोर डॉक्टरसाहेब होते. ते चेंडू पडेल तिथून खेळतात, म्हणून नेहमी हरतात. शेवटपर्यंत बरोबरी होती. शेवटच्या होलवर आमचा चेंडू बाभळीच्या बुंध्याशी असा अडकला की काठी फिरवायला जागा नाही. मी टोपी पाडली, टोपी उचलायला वाकलो, आणि अंगठ्यानं काम केलं. इतकं सफाईनं मी आजवर केलं नव्हतं. साहेबांनी दोन टोल्यांत होल केला. मला रडू आलं.

मग चहा. साहेब भाषणाला उभे राहिले. म्हणाले, या कोर्सनं मला एकच शिकवलं, चेंडू जिथे पडेल तिथून खेळायचं, खेळात आणि आयुष्यात. टाळ्या. फार सुंदर बोलले.

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, काय दत्तात्रय, आता तुझं काय? सगळे ऐकत होते. मनात म्हटलं, हीच वेळ. म्हणालो, मला भोपाळला जावंच लागणार. तिथे साहेबांचा चेंडू बोरीतून बाहेर कोण काढणार? डॉक्टरसाहेब म्हणाले, म्हणजे? मी डावा पाय पुढे करून अंगठा दाखवला. आजची बाभळ सांगितली. गेल्या वर्षीचा नालाही सांगितला. साहेबांचा गौरव व्हावा म्हणून काही हातचं राखलं नाही.

डॉक्टरसाहेब हसायला लागले आणि मग एकदम थांबले. भय्यासाहेबांनी बशी खाली ठेवली. चेहरा लाल झाला होता, भरून आलं असणार. इतक्या वर्षांचा सहवास. उठून कप डॉक्टरसाहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि मोटारीत जाऊन बसले. केवढं मोठं मन!

बापू मला मागे ओढून म्हणाला, पागल झालास का रे? बापू माझ्यावर जळतो.

२९ ऑक्टोबर

बंगल्यावर गेलो. चपराशी म्हणाला, साहेबांना वेळ नाही. सामान बांधायला मदत करू का विचारलं. तो म्हणाला, तुला फाटकाच्या आत घ्यायचं नाही असा हुकूम आहे. चपराशी नवीन दिसतो, माणसं ओळखत नाही.

३१ ऑक्टोबर

सामानाचा ट्रक गेला. त्यात जागा नव्हती, मी बघितलं. कपाटं, पलंग, काठ्यांची पिशवी. मग मोटार निघाली. मी फाटकापाशी आंघोळ करून, वळकटी घेऊन उभा होतो. नमस्कार केला. साहेबांनी काच वर केली. धूळ फार होती.

बापू घ्यायला आला होता. त्यानं वळकटी उचलली. टावर चौक आला. मग म्हणाला, दत्तू, साहेबांना मालूमच नव्हतं रे. त्यांना वाटायचं ते खरंच चांगलं खेळतात.

मी म्हणालो, असं होऊच शकत नाही. वा, नशीब बघ, असं म्हणायचे. हसायचे.

बापू म्हणाला, मग? त्यांना नशीबच वाटत होतं.

१ नोव्हेंबर

आजपासून मध्यभारत नाही. चौकात झेंडे, लाउडस्पीकर. मी कोर्सवर बसलो. बापू म्हणतो ते खरं असेल तर तीन वर्षं आमचं जे न बोलता चाललं होतं ते काय होतं? तिथे मी एकटाच होतो म्हणायचं.

अक्काला तार करायला गेलो, येऊ नकोस म्हणून. पोस्टात गर्दी. शिवाय दिवाळी, आणि एव्हाना ती वाठार स्टेशनवर पोचलीही असेल. पोचली नसेल तर खोली तर सोडलीच असेल. परत आलो. काठी घेतली. आज भरदुपारी खेळलो, कुणी अडवणारं नव्हतं. एकही नीट लागला नाही.

४ नोव्हेंबर, भाऊबीज

अक्का आली. ट्रंक, पितळी पातेली, देव. पोळपाट शेजारणीला देऊन आली. म्हणाली, आता फक्त तुझ्यापुरत्या पोळ्या, उपड्या ताटावरसुद्धा होतील. नवं लुगडं नेसली होती, भोपाळसाठी. स्टेशनावर माझ्या मागे बघत होती. म्हणाली, साहेबांचा माणूस नाही आला घ्यायला?

क्लबमागच्या अवजारांच्या खोलीत मी राहतो, तिथे आणली. जमीन दाबायचा रूळ बाहेर ढकलला, रेतीच्या पाट्या रचून ठेवल्या. म्हणालो, भोपाळचं थोडं लांबलंय. ती ट्रंकेवर बसून खोली बघत राहिली. म्हणाली, किती लांबलंय? म्हणालो, थोडंच. मग तिनं उठून दिवा लावला आणि मला ओवाळलं. ओवाळणी घालायची मी विसरलो. तिनं आठवण केली नाही.

६ नोव्हेंबर

अक्का विचारत काहीच नाही. विचारलं असतं तर मी नीट समजावून सांगितलं असतं.

बापूची बायको दुपारी तिच्याजवळ बसली होती. मी आल्यावर दोघी गप्प झाल्या.

८ नोव्हेंबर

कोर्सवर मोजणीवाले आले. इथे सरकारी क्वार्टर होणार म्हणतात. बापू म्हणाला, साखळी धरायला माणूस पाहिजे त्यांना, जा, मी बोललोय. गेलो होतो. साखळी धरून लांब उभं राहायचं आणि ते ओरडतील तसं सरकायचं. हे काम माझ्या योग्यतेचं नाही. उद्या बघतो म्हणालो.

९ नोव्हेंबर

मोजणीवाल्यांना दुसरा माणूस मिळाला.

१२ नोव्हेंबर, सकाळ

बापूच्या बायकोनं अक्काला माधवनगरात स्वैपाकाचं काम लावून दिलं. दोन्ही वेळचं. आज पहिला दिवस. नवं लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं, जुनं नेसली. जाताना दारात थांबून विचारत होती, दत्तू, इथे लोकांना पोळ्या कशा आवडतात रे, जाड की पातळ?

इथे मी अजून कुणाच्या घरी जेवलेलो नाही.